नऊ ग्रिझली, सात रायनो: राजारामपुरीतल्या एका तक्रारीचा पूर्ण हिशेब

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका गल्लीच्या तळमजल्यावर आठ कॉम्प्युटरचा गेमिंग कॅफे आहे. कॉम्प्युटर जुने आहेत, म्हणून इथे रविवारी सकाळी 'रेड अलर्ट 2' हा तळ उभारून सैन्य लढवायचा गेम चालतो. वेस्टवूड स्टुडिओजने हा गेम ऑक्टोबर 2000 मध्ये काढला आणि पुढच्या ऑक्टोबरात त्याची पुरवणी 'युरीज रिव्हेंज' आली. जुन्या मशीनवरही तो चांगला पळतो आणि समोरासमोर बसून खेळायला आजही तोडीचा आहे. तक्रार त्यातल्या दोन मुख्य टँकांबद्दलची: अलाईड बाजूचा ग्रिझली आणि सोव्हिएत बाजूचा रायनो.

तक्रार करणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: "भावा, माझा टँक चार गोळ्यांत फुटतोय, त्याच्या टँकाला सात लागत्यात. ह्यो कसला खेळ?"

समोरून उत्तर: "मग तू बी सोव्हिएत घे की. कुणी अडवलंय?"

हळूहळू अलाईड घ्यायला कुणी तयार होईना. दोन्ही बाजूंना सोव्हिएत, मैदानात सगळे रायनो. मग तीन उपाय पुढे आले. रायनो बंद करायचा, किंवा ग्रिझलीची हेल्थ वाढवायची, किंवा ग्रिझलीच्या गोळ्याचा मार वाढवायचा. हे तिन्ही उपाय तपासून बघितले, त्यातून जे निघालं ते पुढे मांडलं आहे. तक्रारीतले आकडे शंभर टक्के बरोबर आहेत. दोष मात्र त्या दोन टँकांत सापडला नाही.

मूळ आकडे

सगळे आकडे गेमच्या रूल्स डॉट आयएनआय या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतात. त्यात ग्रिझलीचं नाव एमटीएनके आणि रायनोचं एचटीएनके आहे. ग्रिझलीची किंमत 700, हेल्थ 300, वेग 7. रायनोची किंमत 900, हेल्थ 400, वेग 6. तोफा वेगळ्या नोंदीत आहेत. ग्रिझलीची तोफ 105 मिलिमीटरची, एका गोळ्याचा मार 65, दोन गोळ्यांमधलं अंतर 60 फ्रेम (फ्रेम म्हणजे गेमच्या वेळेचं एक पाऊल), रेंज 5 घरं (नकाशावरचे चौकोन). रायनोची 120 मिलिमीटरची, मार 90, अंतर 65 फ्रेम, रेंज 5.75 घरं.

इथे फ्रेम शब्द जाणूनबुजून वापरला आहे. गेमचा वेग कमी-जास्त केला की सेकंद बदलतात, फ्रेम बदलत नाहीत. एकाने वेगवान सेटिंगवर आणि दुसऱ्याने संथ सेटिंगवर घड्याळ लावून मोजलं तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि वाद मात्र वाढेल.

दोन्ही टँक आर्मरच्या एकाच वर्गात आहेत, आणि दोघांचा गोळाही एकाच जातीचा आहे. या गोळ्याचा या आर्मरवर पूर्ण मार बसतो. त्यामुळे टक्केवारीचं लचांड नाही, सरळ भागाकार करायचा. 300 भागिले 90 म्हणजे 3.33, पण गोळा अर्धा मारता येत नाही, म्हणून 4. 400 भागिले 65 म्हणजे 6.15, म्हणून 7. चार आणि सात, तक्रारीत होते तेच.

आता समोरासमोर एकास एक उभे करा. दोघांनी एकाच वेळी पहिला गोळा सोडला तर रायनोचा चौथा गोळा 195 व्या फ्रेमला सुटतो आणि ग्रिझली संपतो. तोवर ग्रिझलीचेही चारच गोळे सुटलेले असतात, म्हणजे 260 चा मार. रायनोकडे 140 हेल्थ शिल्लक राहते. तिसऱ्या हिश्शाहून जास्त जीव राखून रायनो जिंकला.

तक्रार करणारा इथेच थांबला होता. पण एकास एक ही जोडच मुळात चुकीची लावलेली आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावताना वस्ताद आधी वजन बघतो. नव्वद किलोच्या गड्यापुढे सत्तर किलोचा उभा केला आणि तो पडला, तर सत्तरवाल्याला कुस्ती येत नाही असं कुणी म्हणत नाही. इथे वजन म्हणजे पैसा: 900 आणि 700.

बरोबरीची जोड

700 आणि 900 या दोघांनी भाग जाणारा सगळ्यात लहान आकडा 6300. तेवढ्या पैशात 9 ग्रिझली येतात किंवा 7 रायनो. या गेममध्ये टँक तयार व्हायला लागणारा वेळही किमतीच्या प्रमाणातच असतो. त्यामुळे एका वॉर फॅक्टरीतून ज्या वेळात 7 रायनो बाहेर पडतात, त्याच वेळात 9 ग्रिझली पडतात. पैशाने आणि वेळाने खरी जोड ही: नऊ विरुद्ध सात.

कुणाचं पारडं जड ते काढायला इंग्लिश इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1916 मध्ये मांडलेला वर्गाचा नियम इथे चपखल बसतो. मोकळ्या मैदानात सगळ्यांना सगळ्यांवर गोळा टाकता येत असेल, तर ताफ्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. कारण साधं आहे. एक टँक वाढला की गोळे वाढतात हे झालंच, शिवाय शत्रूचे गोळे वाटून घ्यायला आणखी एक अंग मिळतं. एकाच टँकाचा फायदा दोन बाजूंनी होतो.

एका ग्रिझलीला एक रायनो फोडायला 7 गुणिले 60, म्हणजे 420 फ्रेम लागतात. एका रायनोला एक ग्रिझली फोडायला 4 गुणिले 65, म्हणजे 260. आता 9 चा वर्ग 81, त्याला 420 ने भागलं की 0.193 येतात. 7 चा वर्ग 49, त्याला 260 ने भागलं की 0.188. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, तोही ग्रिझलीच्या बाजूने.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाईलमध्ये हे इतकं जवळ बसलेलं पाहून खरोखर कौतुक वाटतं. हेल्थ वेगळी, मार वेगळा, गोळ्यांमधलं अंतर वेगळं, किंमत वेगळी, आणि तरी काट्याची टक्कर.

सूत्रावर विश्वास नसेल त्याने कागदावर फ्रेम-फ्रेम मांडून बघावं. गृहीत एवढंच धरायचं की सगळे टँक एकदम रेंजमध्ये आले, सगळ्यांनी एकाच वेळी सुरुवात केली आणि एकही गोळा मेलेल्या टँकावर वाया गेला नाही. रायनो पाडायला 7 गोळे, ग्रिझली पाडायला 4.

फ्रेम 0: ग्रिझलींचे 9 गोळे, रायनोंचे 7. दोन्हीकडचा एकेक पडला. उरले 8 आणि 6.
फ्रेम 60: ग्रिझलींचे 8 गोळे, एकूण 17. दुसरा रायनो पडला, उरले 5.
फ्रेम 65: रायनोंचे 5 गोळे, एकूण 12. आतापर्यंत तीन ग्रिझली गेले, उरले 6.
फ्रेम 120: ग्रिझलींचे एकूण 23. रायनो उरले 4.
फ्रेम 130: रायनोंचे एकूण 16. ग्रिझली उरले 5.
फ्रेम 180: ग्रिझलींचे एकूण 28. रायनो उरले 3.

इथून पुढे दोन्हीकडे टँक कमी आणि गोळेही कमी, त्यामुळे लढाई संथ होते. 420 व्या फ्रेमला तीन ग्रिझली आणि एक रायनो उरतो. 520 ला एक ग्रिझली आणखी जातो, आणि 600 ला शेवटचा रायनो. दोन ग्रिझली उभे राहतात.

रेंजचं पाऊण घर

पण वरच्या मांडणीत एक गोष्ट धरलेली नाही. रायनोची रेंज 5.75, ग्रिझलीची 5. मोकळ्या मैदानात रायनो पाऊण घर आधी गोळा सोडतो. ग्रिझलीला ते पाऊण घर पुढे सरकावं लागतं, आणि तेवढ्यात सात गोळे येऊन पडलेले असतात.

तीच मांडणी, फक्त ग्रिझलींनी 15 फ्रेम उशिरा सुरुवात केली असं धरून बघा. फ्रेम 0 ला रायनोंचे 7 गोळे, एक ग्रिझली गेला आणि दुसऱ्यावर तीन बसले. 15 ला ग्रिझलींचे नऊऐवजी आठच गोळे सुटतात. 65 ला ग्रिझली सहावर येतात, 75 ला रायनो पाचवर. 130 ला पाचास पाच. 135 ला ग्रिझलींच्या पाच गोळ्यांनी एकही रायनो पडत नाही, कारण मोजणी 19 वर अडकते आणि तिसऱ्या रायनोला 21 लागतात. 195 ला दोन्हीकडचे गोळे एकदम सुटतात आणि चारास चार होतात. बरोबरीच्या संख्येत आल्यावर ग्रिझलीचं काही चालत नाही. 520 व्या फ्रेमला शेवटचा ग्रिझली संपतो आणि दोन रायनो उभे राहतात.

म्हणजे पंधरा फ्रेमच्या फरकाने निकाल पूर्ण उलटा. आधी दोन ग्रिझली उरले होते, आता दोन रायनो. समतोल याहून नाजूक असू शकत नाही. म्हणूनच हा सामना आकडे बदलून सोडवायचा नाही, जागा निवडून सोडवायचा. ग्रिझलीवाल्याने मोकळ्या माळावर रायनोच्या तोंडावर चालत जाणं म्हणजे पहिली फेरी फुकट देणं. त्याने कड्याच्या वळणाला, जिथे समोरचा दिसेपर्यंत चार घरांवर आलेला असतो, तिथे थांबावं. तिथे पाऊण घराला किंमत उरत नाही. शिवाय वेग 7 असल्यामुळे लढाई कुठे करायची आणि कुठून निघून जायचं हे ग्रिझली ठरवू शकतो. रायनो त्याला गाठू शकत नाही.

मग हरत का होते?

कॅफेत एक घरचा नियम होता. प्रत्येक खेळाडूला जास्तीत जास्त वीस टँक. मूळ गेममध्ये असं बंधन नाही. कॅफेच्या मालकांनी ते घातलं, आणि कारण खरं होतं: "माझ्या मशिनी जुन्या हायत. वीसच्या वर टँक न्हाई म्हणजे न्हाई." जोडून खेळताना हा गेम सगळ्या कॉम्प्युटरांना एकाच पावलाने चालवतो. एक मंद पडला की सगळे त्याच्यासाठी थांबतात. मैदानात टँकांची गर्दी झाली की सगळ्यात जुन्या मशीनमुळे आठही जणांचा खेळ अडखळायचा.

पण वीसास वीस म्हटलं की जोड पुन्हा एकास एकवर आली. वीस ग्रिझली म्हणजे 14000 चा माल, वीस रायनो म्हणजे 18000 चा. ग्रिझलीचा एकमेव मोठा फायदा संख्येचा होता, तोच नियमाने काढून घेतला. अलाईड खेळाडूच्या खात्यात 4000 शिल्लक पडून राहायचे. तेवढ्यात दोन रिफायनऱ्या होतात, पण मैदानात एक टँकही वाढत नाही.

वर्गाच्या नियमाने बघा. संख्या सारखी असली की दोन्हीकडचा वर्ग सारखा, उरतं फक्त 420 आणि 260. रायनोचा ताफा 1.6 पट ताकदवान ठरतो. वीसास वीस मोकळ्यावर भिडले तर वीसही ग्रिझली संपेपर्यंत साधारण बारा रायनो शिल्लक राहतात. जो खेळाडू दर रविवारी हे बघतो त्याला रायनो फसवा वाटणारच. त्याचं बघणं चुकीचं नव्हतं.

लहान लढाईत हा दोष दिसत नाही, हेही महत्त्वाचं. सामन्याच्या सुरुवातीला दोघांकडे पाच-सात टँक असतात, वीसची मर्यादा कुणाला लागलेलीच नसते, तेव्हा अलाईडवाला बरोबरीने खेळतो. मर्यादेला टेकल्यानंतरच त्याची पडझड सुरू होते. तक्रारीतलं एक वाक्य नीट ऐकलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता: "आधी बरं चालतंय, मग एकदम मार खायला लागतोय."

सुचवलेले उपाय का बसत नाहीत

रायनो बंद करणं सगळ्यात वाईट. सोव्हिएतकडे मधल्या टप्प्यावर तोच एक कणा आहे. त्याच्या वरचा अपोकॅलिप्स 1750 ला पडतो आणि बॅटल लॅब ही इमारत उभी केल्याशिवाय मिळत नाही. रायनो काढला की ती बाजू खेळण्यालायकच राहत नाही.

ग्रिझलीची हेल्थ 300 वरून 350 करावी, हा उपाय सगळ्यांना पटला होता. ऐकायला सौम्य वाटतो. पण 350 भागिले 90 म्हणजे 3.89, म्हणजे गोळे पुन्हा चारच. रायनोविरुद्ध काडीचाही फरक पडत नाही. 360 पर्यंत चारच राहतात. फरक पडतो तो ग्रिझली विरुद्ध ग्रिझलीत, तिथे पाचाऐवजी सहा गोळे लागायला लागतात. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बरं, 361 केली तर? एका हेल्थने गोळे चारचे पाच होतात. मग रायनोला एक ग्रिझली फोडायला 260 ऐवजी 325 फ्रेम लागतात, आणि नऊ विरुद्ध सातमध्ये ग्रिझली एकदम 28 टक्क्यांनी वर जातो. 360 ला काही नाही आणि 361 ला भूकंप.

मार वाढवतानाही तेच होतं. 65 चा 66 केला तर 400 भागिले 66 म्हणजे 6.06, गोळे सातच. 67 केला तर 5.97, गोळे सहा. दोन अंकांच्या बदलाने रायनोचं आयुष्य एक गोळ्याने घटतं, 420 चे 360 होतात, आणि बरोबरीच्या पैशात ग्रिझली 19 टक्के पुढे. गेमचे आकडे हलवणारा प्रत्येक नवखा या पायरीवर अडखळतो. आकडा बारीक बदलला म्हणून परिणामही बारीक होईल असं नसतं. किती गोळ्यांत मरतो हा पूर्णांक हलला तरच काही होतं, आणि हलला की मोठं होतं.

हळुवार फिरणारे स्क्रू दोनच, गोळ्यांमधलं अंतर आणि किंमत. अंतर 60 चं 58 केलं तर 420 चे 406 होतात आणि पारडं तीन-चार टक्क्यांनीच हलतं. कधी खरोखर दुरुस्ती करायची वेळ आली तर तिथे हात घालावा. पण वीसास वीसमध्ये बरोबरी आणायला ते अंतर 37 पर्यंत खाली आणावं लागेल. तसं केलं की मर्यादेला टेकण्याआधीच्या प्रत्येक लढाईत, नऊ विरुद्ध सातमध्ये, ग्रिझली 1.66 पट होतो. मग पुढच्या रविवारी सोव्हिएतवाला तक्रार घेऊन येईल.

काय बदललं

फाईलला हात लावला नाही. मर्यादा टँकांच्या संख्येवरून पैशावर आणली: मैदानात एका वेळी 12600 चा माल. त्यात 18 ग्रिझली येतात किंवा 14 रायनो, दोन्हीकडे हिशेब तंतोतंत. मशीनची चिंताही मिटते, कारण आधी दोन्हीकडचे मिळून चाळीस टँक व्हायचे, आता बत्तीस होतात. संख्या कमी करून तक्रार सुटते हे मालकांना लगेच पटलं.

खेळता खेळता बेरीज कोण करणार, हा रास्त प्रश्न होता. शंभर रुपयांना एक गुण असं धरलं की ग्रिझली 7, रायनो 9, आयएफव्ही 6, फ्लॅक ट्रॅक 5, व्ही3 8, मिराज टँक 10, प्रिझम टँक 12, टेस्ला टँक 12, अपोकॅलिप्स साडेसतरा. एकूण 126 गुण. खाणकाम करणारी मायनर गाडी मोजायची नाही. कंट्रोल आणि 1 दाबून पहिला गट करायचा, कंट्रोल आणि 2 दाबून दुसरा. प्रत्येक गट 63 गुणांचा. ग्रिझलीवाल्याच्या गटात नऊ, रायनोवाल्याच्या गटात सात. दोन गट भरले की फॅक्टरी थांबवायची, आणि टँक पडला की तेवढ्याच गुणांचा नवा गटात घ्यायचा. बोटांवर मोजता येतं, कागद लागत नाही.

पुरवणी खेळणाऱ्यांनी एक खाच ध्यानात ठेवावी. 'युरीज रिव्हेंज'मध्ये सोव्हिएतला इंडस्ट्रियल प्लांट मिळतो आणि गाड्या 25 टक्के स्वस्त होतात. 900 चा रायनो 675 ला पडतो, ग्रिझलीपेक्षाही स्वस्त. मर्यादा मोजताना ही सवलतीची किंमत धरली तर 12600 मध्ये 18 रायनो बसतात आणि अठरास अठरा होऊन जुनंच दुखणं परत येतं. म्हणून गुण नेहमी छापील किमतीचे धरायचे. प्लांटमुळे पैसे वाचू द्यावेत, ती त्या इमारतीची कमाई आहे; जागा वाढू देऊ नये.

अनुभवी टँकाबद्दलही थोडं. आपल्या किमतीच्या तिप्पट माल फोडला की टँकाला बढती मिळते. ग्रिझलीला 2100 लागतात, म्हणजे तीन रायनो. रायनोला 2700 लागतात, आणि तीन ग्रिझलींचे 2100 च होतात, म्हणून चार. बढतीला टेकलेला ग्रिझली मागे घेऊन दुरुस्त करणं हे नवा घेण्यापेक्षा फायद्याचं, विशेषतः गुणांची मर्यादा असताना, कारण बढती मिळाल्याने त्याचे गुण वाढत नाहीत.

स्वतः तपासायचं असेल तर

फायनलअलर्ट 2 या नकाशा बनवायच्या प्रोग्रॅममध्ये सपाट, झाडं नसलेला, पाणी नसलेला छोटा नकाशा करा. दोन्ही बाजूंचे टँक सरळ रांगेत, समोरासमोर, तोंडं एकमेकांकडे करून ठेवा. सामन्याच्या सेटिंगमध्ये क्रेट (मैदानात सापडणाऱ्या बक्षिसाच्या पेट्या) आणि सुपरवेपन बंद करा, कारण एका क्रेटमधून मिळालेली बढती सगळी चाचणी नासवते. कमीत कमी दहा वेळा चालवा, त्यातल्या पाच वेळा बाजू अदलाबदल करून. दर वेळी किती टँक उरले आणि त्यांची हेल्थ किती, दोन्ही लिहा. नुसतं कोण जिंकलं एवढं लिहिलं तर दोन टक्क्यांचा सामना आणि साठ टक्क्यांचा सामना कागदावर सारखेच दिसतात.

निकाल कागदावरच्या मांडणीशी हुबेहूब जुळणार नाही. कागदावर एकही गोळा वाया जात नाही. गेममध्ये मात्र टँक जवळचा शत्रू निवडतात, चार-पाच जण एकालाच लक्ष्य करतात, आणि तो मेल्यावरही वाटेतले गोळे त्याच्याच जागी पडतात. रांग लांब असेल तर टोकाचे टँक पहिल्या फेरीला रेंजबाहेर राहतात. अठरांची रांग चौदांपेक्षा लांब, त्यामुळे हा तोटा ग्रिझलीला जास्त. त्याने सरळ रांगेऐवजी अर्धचंद्र करावा.

आकडे बदलून बघायचे असतील तर मूळ फाईल आधी वेगळी ठेवा. बदललेली रूल्स फाईल आठही कॉम्प्युटरांवर अक्षरशः एकसारखी हवी. एकीकडे 65 आणि दुसरीकडे 67 राहिलं तर सामना सुरू होतो, पहिल्या चकमकीला दोन मशीनचा हिशेब फाटतो आणि पडद्यावर रिकनेक्शन एरर येऊन खेळ तुटतो. लोक तेव्हा केबल तपासत बसतात. यापेक्षा बदलाच्या ओळी नकाशाच्या फाईलमध्येच घालाव्यात, म्हणजे नकाशा निवडला की बदल सगळ्यांना लागू आणि दुसरा निवडला की मूळ खेळ जसाच्या तसा. तोफेचा मार बदलण्याआधी त्या तोफेचं नाव फाईलमध्ये शोधा. तीच तोफ दुसऱ्या कुठल्या गाडीवर असेल तर तिचाही मार बदलतो. आणि गोळ्याच्या जातीच्या टक्केवारीला तर हात लावूच नका, तिच्यावर निम्मा गेम उभा आहे.

पूल

नवा नियम लागल्यावर एक तक्रार शिल्लक राहिली, ती पुलांच्या नकाशांची. अरुंद पुलावर दोन-तीनच टँक पुढे येऊ शकतात. मागचे ग्रिझली नुसते उभे, त्यांच्या गोळ्यांचा उपयोग नाही. तिथे वर्गाचा नियम लागत नाही, साधी संख्या लागते: 18 भागिले 420 म्हणजे 0.043, आणि 14 भागिले 260 म्हणजे 0.054. बरोबरीच्या पैशातही रायनो सव्वापट. गुणांची मर्यादा हे बदलू शकत नाही, आणि बदलायची गरजही नाही. पूल ही जड टँकाची हक्काची जागा आहे.

अलाईडवाल्याने तिथे ग्रिझली पुढे ढकलू नयेत. बॅटल लॅब उभी करून प्रिझम टँक आणावेत. त्यांची रेंज 10 घरं, रायनोच्या जवळपास दुप्पट. 126 गुणांत पाच प्रिझमचे 60 आणि नऊ ग्रिझलींचे 63 मिळून 123 होतात. ग्रिझली आपल्या काठावर, पुलाच्या तोंडाभोवती अर्धचंद्र करून ठेवायचे, म्हणजे पुलावरून उतरणाऱ्या दोन-तीन रायनोंवर नऊच्या नऊ तोफा लागतात. प्रिझम त्यांच्या मागे चार घरं. इतके मागे की पुलावरच्या रायनोची 5.75 तिथपर्यंत पोचत नाही, आणि इतके जवळ की पुलाचा मधला भाग त्यांच्या दहा घरांत येतो.